फिरता महिना

आमची ईद कुठल्याच ऋतूची नाही. दिवाळी म्हटलं की पहाटेचा गारवा, होळी म्हटलं की उन्हाची पहिली झळ, नागपंचमी म्हटलं की ओल्या फांदीला बांधलेला झोका, हे माझ्याही अंगात मुरलेलं आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव भागात वाढले आणि सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात नांदायला आले. पण ‘तुमची ईद कधी असते हो?’ असं कुणी विचारलं की मला लगेच उत्तर देता येत नाही. मला ती ऐन पेरणीत भेटली आहे, दिवाळीच्या फराळाला लागून भेटली आहे, साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असताना भेटली आहे आणि विहिरीनं तळ दाखवलेल्या मे महिन्यातही भेटली आहे.

याचं गणित सोपं आहे. हिजरी वर्ष बारा चांद्रमासांचं, म्हणजे ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते साधारण अकरा दिवसांनी आखूड. पंचांगातले मराठी महिनेही चंद्राचेच, पण तिथं ही तूट साठत गेली की अधिक महिना धरतात. एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने येतात आणि सण आपापल्या ऋतूत राहतात. आमच्याकडे ती मुभा नाही. महिने बाराच, असं कुरआनच्या सूरह तौबामध्ये स्पष्ट आहे, आणि सोयीप्रमाणे महिने मागंपुढं सरकवण्याची अरबस्तानातली जुनी चाल तिथंच बंद केली आहे. त्यामुळे रमजान दर वर्षी अकरा-एक दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी पोचतो.

हे गणित मला मदरशात नाही कळलं. आमच्या शेजारचे आण्णा पंचांग बघायचे. गावातले लोक त्यांच्याकडे पेरणीची नक्षत्रं विचारायला यायचे आणि अब्बा ईदची. आण्णा बोटांच्या पेरांवर मोजून सांगायचे, “आवस शुक्रवारी हाय. चंद्रकोर शनवारी न्हाईतर रव्वारी. म्हंजे तुमची ईद दुजेला न्हाईतर तिजेला.” अब्बा तेवढ्यावर शेवया वळायची तयारी सुरू करायला सांगायचे. शेवटचा शब्द अर्थात आभाळाचा. चंद्र बघून रोजे धरा, चंद्र बघून सोडा, ढग आडवे आले तर तीस पुरे करा, ही पैगंबरांची शिकवण. पण आण्णांचा अंदाज आणि आभाळ यांचं सहसा जमायचं.

माझा पहिला रोजा जून १९८३ मधला. मी नऊ वर्षांची होते. मृगाचे दोन पाऊस झाले होते आणि गावात एकाच दिवशी सगळ्यांची पाभर रानात उतरली होती. ताकारी-टेंभू उपसा योजनांचं पाणी तेव्हा आलेलं नव्हतं, आमची सगळी जमीन पावसावर. वापसा गेला की पेरणी गेली, त्यामुळे रोजा आहे म्हणून थांबायचं असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. अब्बा औत हाकत आणि अम्मा चाड्यावर मूठ धरत. मूठ धरणं म्हणजे दाणा सारखा सुटला पाहिजे, ना दाट ना विरळ, आणि त्यासाठी हात कापून चालत नाही. दुपारी चार वाजता, घशाला कोरड पडलेली असताना, अम्माचा हात कापत नव्हता. मी बांधावर बसून तेच बघत होते. मला भूक लागली होती. पण रडावंसं वाटलं नाही, इतकं ते बघण्यासारखं होतं.

त्याच महिन्यात एका रात्री तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज, संपवून पुरुष मशिदीतून आले ते थेट आण्णांच्या ओट्यावर, ट्रान्झिस्टरभोवती. विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. मध्यरात्रीच्या सुमाराला भारत जिंकला तेव्हा सय्यद किरमाणींचं नाव माझ्या चुलत्यांनी एवढ्या मोठ्यानं घेतलं की घरातली झोपलेली पोरं उठली. मग कुणी झोपलंच नाही. तासा-दोन तासांत सहरीची, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाची, चूल पेटली, आणि त्या दिवशीची भाकरी आण्णांच्या घरच्यांनीही आमच्याबरोबर खाल्ली.

पूर्ण फेरा मारून जूनचा तसाच रमजान मला पुन्हा मिळाला तो २०१६ मध्ये. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, आरोग्यसेविका म्हणून नोकरी करत होते, आणि माझी नेमणूक पालखीच्या वाटेवर झाली होती.

ज्यांनी वारीतली आरोग्याची ड्यूटी केलेली नाही त्यांना त्या कामाची कल्पना येणार नाही. पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात यायच्या कितीतरी दिवस आधी आमचं काम सुरू होतं. वाटेवरच्या गावांतली प्रत्येक विहीर, प्रत्येक टाकी, प्रत्येक हॉटेलातला पिंप तपासायचा. टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकायची, मग क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट करायची, पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन आहे अशी नोंद करायची. मग माणसांचा पूर येतो. पायाला फोड, घोट्याला सूज, जुलाब, ताप, विंचू, आणि एसटीतून उतरताना पडलेल्या म्हाताऱ्या. लोणंदला माऊलींची पालखी पोचली तेव्हा रमजानचे शेवटचे दिवस चालू होते.

मी दिवसभर लोकांना ओआरएस कालवून पाजत होते आणि मला रोजा होता. यात काही मोठेपणा नाही. मी सावलीत बसून काम करत होते, समोरची माणसं आळंदीपासून चालत आलेली होती. हे सांगते ते एका बाईसाठी. नांदेडकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. तिच्या दोन्ही टाचा फुटल्या होत्या. मी ड्रेसिंग करत असताना तिनं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, “माऊली, मला रोजा आहे.” तिनं माझ्या छातीवरची नावाची पट्टी बघितली, वाचता येत होतं की नाही कोण जाणे. म्हणाली, “मग ठेव. उपास सोडताना खा. आन् पाणी माझ्या नावानं पी.” त्या संध्याकाळी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, वेळ झाली तेव्हा मंडपात माझ्याकडे खजूर होता, तिचा लाडू होता, आणि दिंडीच्या टँकरचं पाणी होतं, ज्याची ओटी टेस्ट सकाळी मीच केली होती. मी दुआ मागितली. रोजा सोडतानाची दुआ परत फिरत नाही असं आम्ही मानतो. माझ्यासाठी काय मागितलं ते आठवत नाही. तिच्या टाचांसाठी मागितलं ते आठवतं.

इथं एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. आषाढी आणि ईद एका दिवशी आली की वर्तमानपत्रात फोटो येतो. टोपी आणि गंध शेजारीशेजारी, खाली ऐक्याचं शीर्षक. फोटो चांगलाच असतो, तो यायला हवा. पण एवढ्यावर थांबलं की असं वाटतं जणू हा एखादा दुर्मीळ योग आहे, धूमकेतूसारखा. तसं नाही. तिथी कशा जुळतात ते एकदा समजून घेतलं की दिसतं, आमचे सण एकमेकांना टाळूच शकत नाहीत.

चंद्रकोर दिसते ती अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे आमचा पहिला दिवस हा कुठल्यातरी मराठी महिन्यातल्या शुद्ध द्वितीयेच्या आसपासचा असतो, आणि दहावा दिवस एकादशीच्या आसपासचा. बकरी ईद जिलहिज्जच्या, म्हणजे हिजरी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या, दहाव्या दिवशी. म्हणून जिलहिज्ज आषाढात आला की ती आषाढीला भेटणारच. २०२३ मध्ये २९ जूनला तसंच झालं. पुढच्या अधिक श्रावणानं मराठी महिने एक घर पुढे सरकले, आणि मग आषाढात हिजरी वर्षाचा पहिला महिना, मोहरम, आला. २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा एकाच दिवशी होते. रमजान ईदचंही असंच. २०२१, २०२२, २०२३ अशी तीन वर्षं ओळीनं ईद अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आली. त्या अधिक श्रावणानंतर ती चैत्रात गेली आणि गुढीपाडव्याच्या शेजारी जाऊन बसली. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढी उतरवली आणि ३१ मार्चला आम्ही ईदगाहला. २०२६ चा अधिक ज्येष्ठ सरला की २०२७ ची ईद फाल्गुनात, होळीच्या आधी.

आण्णा आज असते तर त्यांनी हे पेरांवर मोजून सांगितलं असतं.

या जुळण्यात सगळंच आपोआप गोड होतं असं नाही. कुणाला तरी सरकावं लागतं. २०२३ च्या त्या आषाढीला राज्यातल्या कितीतरी गावांमध्ये मुस्लिमांनी ठरवलं की नमाज सकाळी, पण कुर्बानी दुसऱ्या दिवशी. बाहेरच्यांना वाटलं मोठा त्याग केला. खरं तर शरियतनंच कुर्बानीला दहावा, अकरावा, बारावा असे तीन दिवस दिलेले आहेत. जागा आधीपासून ठेवलेली होती, आमच्या लोकांनी ती वापरली. त्याच वर्षी सप्टेंबरात अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एका दिवशी आल्या, तेव्हा मुंबईतला जुलूस एक दिवस पुढे नेला. पुढच्या दोन्ही वर्षीही जुलूस विसर्जनानंतरच्या दिवसांवर नेला. मला या निर्णयांचा अभिमान वाटतो. आपला हक्क सांगत बसण्यापेक्षा रस्ता मोकळा ठेवणं हे मला धर्माच्या जास्त जवळचं वाटतं. आणि हेही वाटतं की हे दर वेळी एकाच बाजूनं करायचं नसतं. मोहरमची आणि गणपतीची मिरवणूक एका आठवड्यात आली तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी मंडळांनी वाजंत्री थांबवून ताबुताला वाट दिलेली मी बघितली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला तर गणपती मशिदीत बसतो. त्यामागे कुणाचं भाषण नाही, पिढ्यांची सवय आहे.

मोहरम म्हणजे माझं माहेर. कडेगावचे ताबूत बघितले नसतील तर एकदा बघावेत. मान वर करून बघावे लागतात एवढे उंच. बांबूचं काम, आणि ते बांधतात आधी कळस आणि मग पाया. वरचा मजला तयार करून त्याच्याखाली एकेक मजला जोडत जातात. दहाव्या दिवशी ते चौकात येऊन एकमेकांना भेटतात. कुणाचा मान कुठला, उचलायला कुठल्या घरातले, हे ठरलेलं असतं आणि त्यात अठरापगड जाती आहेत. माझ्या सासरी ताबूत मानत नाहीत. दीर म्हणतात, दीनमध्ये, म्हणजे धर्मात, याला आधार नाही. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्या बोलण्यात अभ्यास आहे. मोहरमच्या नवव्या-दहाव्याचा रोजा हा मात्र सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा परिपाठ, आहे, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही, आणि तो मी धरते. २०२४ च्या आषाढीला मी माहेरी होते. मला आशूऱ्याचा रोजा, आण्णांच्या सुनेला एकादशी. तिनं दिवसभर नुसतं पाणी घेतलं, मी तेही नाही. संध्याकाळी तिच्या परड्यात बसून मी चोंगे मोडून खजुराबरोबर खाल्ले, आणि तिचा वाटा बारशीला सोडायला म्हणून फडक्यात बांधून दिला. गव्हाचं पीठ आणि गूळ, उपासाला चालत नाही.

पाच वेळच्या नमाजबद्दल लिहायचं तर ऋतू तिथंही आहेतच. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. पाचही वेळा घड्याळाच्या नाहीत, सूर्याच्या आहेत. जूनमध्ये मगरिब सव्वासातच्या आसपास आणि डिसेंबरात सहाला. उपकेंद्रात असताना जोहर आणि असर मला तिथंच पढावी लागते. औषधांच्या कपाटामागे एक सतरंजी ठेवली आहे. लसीकरणाच्या दिवशी गर्दी असली तर मूल हातात असताना वेळ निघून चालल्याचं कळतं, आणि तेव्हा मी मूल आधी घेते. असरला वेळ असतो, इंजेक्शनच्या भीतीनं रडणाऱ्या पोराला नसतो. सतरंजीवर उभी राहिले की मात्र तेवढी पाच-सात मिनिटं मला कुणीही हाक मारत नाही. आशाताई बाहेर बाकावर बसून लोकांना थांबवते. तिला कुणी सांगितलेलं नाही.

वुजूचं, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचं, पाणी हा आमच्या भागातला खरा प्रश्न. दुष्काळी वर्षी टँकर चार दिवसांनी येतो. अशा वेळी मला पैगंबरांची वुजू आठवते. ते एक मुद्द पाण्यात वुजू करायचे असं हदीसमध्ये आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं पाऊण लिटरच्याही आत. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, असंही त्यांनी सांगितलं आहे. मी एका तांब्यात करते. आणि तेवढंही नसेल तेव्हा तयम्मुम आहे, स्वच्छ मातीवर हात ठेवून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचा. दुष्काळी मुलखात जन्मलेल्या धर्माला दुष्काळ ठाऊक असतो, आणि त्यामुळे माण-खटाव-फलटणच्या बाईला तो परका वाटत नाही.

बायकांच्या रोज्यांबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून मी लिहिते. महिन्याच्या त्या दिवसांत आम्हाला नमाज माफ असते आणि रोजाही धरायचा नसतो. नमाज पूर्ण माफ, रोजे मात्र नंतर फेडायचे. यात लपवण्यासारखं काहीच नाही, तरी घराघरांत बायका त्या दिवसांत चोरून खातात. सासरे समोर असतील तर पाणीसुद्धा पीत नाहीत, उगाच सहरीला उठून बसतात. मी हे मोडलं. माझ्या मुलीला मी पहिल्याच वर्षी सांगितलं, टेबलावर बसून जेवायचं. अल्लाहनं दिलेली सवलत लाजून लपवायची असेल तर ती सवलत कसली? राहिलेले रोजे मी डिसेंबरात फेडत आले. डिसेंबरात आमच्याकडे रोजा साडेबारा तासांचा, जूनपेक्षा जवळजवळ दोन तासांनी लहान, आणि तहान लागत नाही. हजरत आयेशा आपले राहिलेले रोजे शाबान महिन्यात, पुढचा रमजान उंबऱ्यावर आला असताना फेडायच्या, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ती बाईसुद्धा कामाच्या रगाड्यात उसंत शोधत होती, हे वाचलं तेव्हा मला त्या फार आपल्या वाटल्या.

नोकरीमुळे रमजानच्या आधी माझ्याकडे मधुमेहाचे पेशंट येतात. रोजा धरू का, गोळी कधी घेऊ, इन्सुलिन टोचल्यानं रोजा तुटतो का. डोसाचं मी डॉक्टरांकडे पाठवते. पण दोन गोष्टी ठामपणे सांगते. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही. आणि साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर त्या क्षणी रोजा सोडायचा, मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी. काही चाचा ऐकतात. काही म्हणतात, “बेटा, इतकी वर्षं एक रोजा सुटला नाही.” त्यांना मी सूरह बकराची आयत ऐकवते. आजारी असेल, प्रवासात असेल त्यानं नंतर रोजे पुरे करावेत. अल्लाह तुमच्यासाठी सोपं इच्छितो, कठीण इच्छित नाही. रोज्याचा हुकूम आणि ही सूट एकाच आयतीत आहेत. हुकूम पाळायचा आणि सूट नाकारायची, हे मला धार्मिकपणाचं लक्षण वाटत नाही.

सगळ्यात अवघड होतं ते अब्बांना सांगणं. पेरणीच्या जूनमध्ये औतामागे चालत रोजे केलेला माणूस. साखर आटोक्यात नव्हती, किडनीवर ताण होता. मी आयत वाचली, रिपोर्ट दाखवला, डॉक्टरांचा कागद दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, न धरलेल्या रोज्यांचा फिदिया किती? एका रोज्याबद्दल एका गरिबाचं दोन वेळचं जेवण. त्यांनी पूर्ण महिन्याचं धान्य मोजून काढलं आणि स्वतः पोचवून आले. त्यानंतरच्या प्रत्येक रमजानात ते इफ्तारला दस्तरखानावर सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे आणि अजान होईपर्यंत समोरच्या खजुराला हात लावायचे नाहीत. अम्मा म्हणायची, तुम्ही खा हो. ते म्हणायचे, थांबू तर शकतो ना.

ते २०२० मध्ये असते तर त्यांना मशीद बंद बघावी लागली असती. त्या वर्षीचा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला आणि २५ मेच्या ईदपर्यंत सगळा लॉकडाऊनमध्ये गेला. आम्ही घरोघर सर्वेक्षण करत होतो. मास्क, टोपी, वर ॲप्रन, आणि एप्रिलचं फलटणचं ऊन. त्या दिवसांत दिल्लीच्या एका मेळाव्याच्या बातम्या टीव्हीवर सारख्या फिरत होत्या आणि आजाराला आमच्या समाजाचं नाव चिकटवलं जात होतं. एका दारात मला नाव विचारलं. सांगितल्यावर आतून आवाज आला, “तुम्ही नको, दुसऱ्या बाईंना पाठवा.” मी पायरीवरून खाली उतरले. आशाताई उतरली नाही. तिनं रजिस्टर मिटलं आणि म्हणाली, “ह्या न्हाईत तर मी बी न्हाई.” त्या घराची नोंद त्या दिवशी राहिली. रात्री मी नमाजला उभी राहिले तेव्हा सजद्यातून उठवेना, एवढं रडू आलं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परत तिथंच गेलो, कारण त्या घरात सातवा महिना भरलेली सून होती आणि तिचं ब्लडप्रेशर बघायला दुसरं कुणी येणार नव्हतं. त्या मुलीनंच दार उघडलं. मला त्या घराबद्दल राग नाही असं मी म्हणणार नाही. बाळाचे सगळे डोस मात्र वेळेवर झाले.

त्याच रमजाननं एक गोष्ट दिली. आमच्याकडे तरावीहला पुरुष मशिदीत जातात आणि बायका घरी एकेकट्या पढतात. त्या वर्षी मशीद बंद, म्हणून यजमान घरातच इमाम म्हणून पुढे उभे राहिले, त्यांच्या मागे मुलगा, आणि त्याच्या मागे आम्ही बायका. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण महिना मी जमातीत, म्हणजे इमामामागे सगळ्यांबरोबर, नमाज पढले. यजमानांना शेवटच्या लहान सूरह तेवढ्या पाठ, त्याच त्या फिरून यायच्या. मशिदी उघडल्यावरही आठवड्यातून एक रात्र आम्ही तशीच घरात पढतो. मी हट्टानं ठेवून घेतली आहे.

मुलगी कोरोनानंतर नर्स म्हणून लंडनजवळ गेली. तिथं जूनमध्ये रोजा अठरा-एकोणीस तासांचा होतो आणि डिसेंबरात दहा तासांच्या आतबाहेर. ती म्हणाली, महिना एका जागी थांबला असता तर कुणाच्या वाट्याला कायम उन्हाळा आला असता आणि कुणाच्या वाट्याला कायम हिवाळा. दक्षिण गोलार्धातल्यांचं आणखी उलटं. फिरतो म्हणून सगळ्यांना सगळं मिळतं. तेहतीस वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला लांब दिवस येतात आणि आखूडही, मग तो सिडनीत राहो की साताऱ्यात. मला हे आधी सुचलं नव्हतं. मी फक्त माझ्या शिवारापुरता विचार करत होते, अम्माच्या मुठीपुरता.

आता माझी पाळी थांबली आहे. पूर्ण महिना एकही रोजा न सुटता करण्याची मुभा मला आत्ता या वयात मिळाली, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. रमजान आता हिवाळ्याकडे निघाला आहे. २०३० साली तो दोनदा येईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबर संपता संपता. तेव्हा मी नोकरीतच असेन. मुलगी म्हणते, तो डिसेंबरचा रमजान करायला इकडे येईन, आणि एक तरी इफ्तार रानात हुरड्यावर करायची. आमच्या रानात गेली काही वर्षं सगळा ऊस आहे. मी दिरांना आत्ताच सांगून ठेवलं आहे, त्या साली विहिरीकडच्या अर्ध्या एकरात शाळू पेरायचा. ते म्हणाले, बियाणं आधी बघून ठेवायला लागेल, चांगल्या हुरड्याचं मिळत नाही हल्ली.